पाव फेरा

शुक्रवार, दिनांक ९ फेब्रुवारी २००७ रोजी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, अकोला शहरात, बाळापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील रऊफ मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये, माझा धाकटा भाऊ किसन याच्या ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाके जॅकवर उचललेली असताना, रऊफने स्टेअरिंगच्या पेटीवर बसलेली माती-ग्रीसची खपली पान्याच्या टोकाने खरवडून काढली, वाकून पाहिले आणि मान न वळवता विचारले, "याले कोनं हात लावला होता, मास्तर?"

प्रश्न ऐकू आला होता. एकतीस वर्षे वर्गात उभा राहिल्यावर, ऐकू न आलेला मुलगा आणि ऐकून न ऐकल्यासारखे करणारा मुलगा यांतला फरक मानेच्या ताणावरून ओळखता येतो, आणि त्या क्षणी माझी मान कशी झाली असेल हे मला ठाऊक होते. पेटीच्या झाकणावर स्टेअरिंगची ढिलाई कमी करणारा एक स्क्रू असतो, त्याला जागेवर धरून ठेवणारा एक नट असतो, चेकनट. तो कारखान्यातून निघाला तेव्हा रंगाखाली झाकलेला होता आणि पुढची चोवीस वर्षे मातीखाली. आता त्याच्या दोन कडांवरचा रंग उडून खालचे लोखंड उघडे पडले होते आणि त्यावर हलका तांबूस गंज धरला होता. जुना गंज काळपट असतो, हा तसा नव्हता. तीन महिन्यांचा गंज असावा तसा तो होता. रऊफने थोडा वेळ वाट पाहिली आणि स्वतःच उत्तर देऊन टाकले, "असंन गावचा कोनी कारागीर." मग तो चाकाकडे वळला. मी श्वास सोडला, आणि तो सोडल्याचे मागे बाकावर बसलेल्या जमुनेला ऐकू गेले असेल का, या एका विचाराने मी मागे वळून पाहायचे टाळले.

जमुना ही किसनची पत्नी, म्हणजे माझी भावसून. ती आलीच पाहिजे असे काही नव्हते. ट्रॅक्टर उभा राहून गंजतो आहे, तो दुरुस्त करून घ्यावा, शेतशेजारी पुंजाराम तो चालवील, एवढे ठरल्यावर तिने आरतीकडून मला निरोप पाठवला, की गाडी खोलतील तेव्हा तिला स्वतः समोर असायचे आहे. आरती, त्यांची मुलगी, अमरावतीला शिकते. तिने तो निरोप फोनवर मला जसाच्या तसा सांगितला. निरोप आरतीकडून येणे यात वावगे काही नाही. मी जमुनेचा भासरा. आमच्याकडे धाकट्याची बायको भासऱ्यासमोर पदर पुढे ओढते आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. लग्नाला तेवीस वर्षे झाली, त्या तेवीस वर्षांत जमुना माझ्याशी एक शब्द बोललेली नव्हती. राग नाही, दुरावा नाही. माझ्या बायकोच्या आजारपणात दीड महिना तिने आमचे अकोल्याचे घर चालवले, माझ्या पथ्याची भाकरी वेगळी थापली, आणि मीठ कमी हवे की नको ते दारामागून आरतीला विचारायला लावले. मी स्वतःला आधुनिक विचारांचा समजतो. ही प्रथा निरर्थक आहे असे मी शिक्षकांच्या खोलीत अनेकदा सप्रमाण सिद्ध केले आहे. पण घरी एकदाही मी, "जमुना, माझ्याशी बोलत जा," असे म्हणालो नाही, कारण खरे सांगायचे तर तो आडपडदा मला सोयीचा होता. ज्या माणसाला प्रत्येक गोष्टीवर वाद घालण्याची खोड आहे, त्याला निरुत्तर करणारे एक माणूस घरात कमी असले, तर ते त्याला बरेच वाटते.

किसन गेला तो मंगळवार होता, १४ नोव्हेंबर. शेणखताची भरलेली ट्रॉली मागे जोडून तो शेताकडे निघाला. पाटाच्या कडेचा रस्ता दोन फर्लांग सरळ जातो आणि मोरीपाशी डावीकडे वळतो. रस्ता वळला, ट्रॅक्टर वळला नाही. तो सरळ पाटात उतरला आणि ट्रॉलीने त्याला मागून दाबले. शेजारच्या शेतात पुंजाराम हरभऱ्याला पाणी देत होता. तो सांगे, "हात स्टेरिंगवरच होते त्याचे. वळवलंच नाही त्यानं." हे एक वाक्य दुपारपर्यंत गावभर झाले आणि संध्याकाळपर्यंत त्याला अर्थ चिकटला. ते वर्षच तसे होते. रोजच्या वर्तमानपत्रात आपल्या भागाच्या पानावर एक चौकट असे आणि त्या चौकटीत जीव दिलेल्यांची नावे असत. शेती करणारा माणूस कशानेही मेला तरी लोक मान हलवून एकच गोष्ट गृहीत धरीत, आणि ती गृहीत धरण्यात एक प्रकारचा सन्मान असल्यासारखे हळू आवाजात बोलत. मी तिसऱ्या दिवसापासून भांडायला उभा राहिलो. माझ्या भावाच्या डोक्यावर कसलाही बोजा नव्हता, त्याचा कापूस चांगला होता, त्याची मुलगी पहिल्या वर्गात पास झाली होती. तो मरणाच्या आदल्या संध्याकाळी नव्या चपलेचा अंगठा टोचतो म्हणून ती बदलून आणायला बाळापूरला जाऊन आला होता. मरायचे असलेला माणूस चप्पल बदलून आणीत नाही. स्टेअरिंग ढिले होते, पुढची चाके थरथरत होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. मग यंत्राला सोडून माणसावर संशय का? मी हे चावडीवर बोललो, पंचनामा लिहिणाऱ्यापुढे बोललो, एस.टी.च्या थांब्यावर अनोळखी लोकांपुढेही बोललो. माझा युक्तिवाद बिनतोड होता. फक्त एक गोष्ट मी त्यातून, दाताखाली आलेला खडा जिभेने बाजूला करावा तशी, प्रत्येक वेळी बाजूला काढीत होतो.

आणि जमुनेजवळ तिचा स्वतःचा युक्तिवाद होता. तो मला आरतीकडून कळला. त्या मंगळवारी सकाळी त्यांची बोलाचाली झाली होती. गोठ्याच्या दाराची बिजागरी महिनाभर निखळलेली होती, वासरू रात्रीतून दोनदा बाहेर गेले होते, आणि जमुना बोलून गेली, "तुमच्यानं एक काम धड होत नाई." किसनने चहाचा कप अर्धा ठेवला. एवढेच. त्याने बिजागरीकडे पाहिले, हातोडा शोधला, तो सापडला नाही, आणि तो ट्रॅक्टरकडे गेला. हा अर्धा कप जमुनेने तीन महिने हातात धरून ठेवला होता. पुंजारामचे वाक्य आणि आपले वाक्य तिने शेजारीशेजारी मांडले आणि दोन्हींचे उत्तर एकच काढले. ती कोणाशी वाद घालीत नव्हती. दुपारी जेवत नव्हती, एवढेच.

रऊफने चाकाचा टायर वरून-खालून धरला आणि आत-बाहेर हलवला. खटखट असा एक दबलेला आवाज आला. जुन्या पलंगावर कोणी कूस बदलावी तसा. मग त्याने टायर दोन्ही बाजूंनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवला, आणि वेगळा, कोरडा आवाज आला. त्याने मला जवळ बोलावून जोडदांड्याच्या टोकाला बोट लावायला लावले. चाक हलले की लोखंडाच्या दोन तुकड्यांमध्ये माझ्या बोटाखाली काही तरी जिवंत असल्यासारखे उडे. हे जॉइंट संपले आहेत, तो म्हणाला, ढिलाई इथली. आणि चाकाची थरथर, चाक ज्या खिळीवर वळते त्या किंगपिनच्या बुशाची. पेटीत विशेष काही नसावे, चोवीस वर्षांच्या मानाने. दोन जॉइंट, दोन बुश, अर्ध्या दिवसाचे काम. हे तो सांगत असताना मी मध्येच, चाकांची थरथर आणि स्टेअरिंगचा ढिलेपणा यांचा कार्यकारणसंबंध उलटाही असू शकेल की नाही, असे काहीसे विचारले. रऊफ हसला. त्याचे वडील माझ्या वडिलांची बैलगाडी दुरुस्त करीत, त्यामुळे त्याला मला बोलण्याचा अधिकार होता. "मास्तर, तुमी जिंदगीभर पोट्टे दुरुस्त केले, आता गाडी तेवढी माह्या हाती राहू द्या." बाकावरून बांगड्यांचा, आता काचेच्या नव्हे, धातूच्या, लहानसा आवाज आला. जमुना हसली नसेल. पदर सारखा केला असेल.

पण तो आवाज मला १२ नोव्हेंबरच्या दुपारी घेऊन गेला, आणि मग मला तिथून हलता येईना. रविवार होता. मी गावी गेलो होतो आणि साडेपाचच्या एस.टी.ने परत निघणार होतो, कारण सोमवारी सहामाहीचे पेपर परत द्यायचे होते. किसन अंगणात ट्रॅक्टर फिरवीत होता आणि मी ओट्यावरून त्याचे हात पाहत होतो. त्याच्या स्टेअरिंगला पाव फेऱ्याची ढिलाई होती. हातातले चक्र पाव फेरा फिरे आणि चाकांना त्याची खबरही नसे. त्यामुळे सरळ रस्त्यावरही त्याचे हात सतत थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे होत राहत, पाळण्याची दोरी हातात असल्यासारखे. मला ते सहन होत नसे. सरळ जाण्यासाठी माणसाला इतके वाकडेतिकडे व्हावे लागावे यात मला एक प्रकारचा अपमान दिसे. मी घरातून ट्रॅक्टरबरोबर आलेली पुस्तिका शोधून आणली. तिचे मराठी भयंकर होते. मी खिशातली पेन्सिल काढून दोन वाक्ये समासात नीट करून लिहिलीसुद्धा. त्यांतलेच एक वाक्य असे होते, की पेटीचा स्क्रू कसण्यापूर्वी सर्व जॉइंट तपासावेत, आणि कसल्यानंतर पुढची चाके उचलून चक्र दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे. हे वाक्य मी वाचले. ते सुधारले. सुधारून झाल्यावर घड्याळात पाहिले तर पावणेपाच झाले होते, आणि जॅक शेजारच्या गावी गेलेला होता.

किसन म्हणाला, "राहू दे ना दादा. मले सवय झाली याची." त्यावर मी अर्धा तास बोललो. सवय हा दोषाचा बचाव होऊ शकत नाही. सवयीने माणूस वाईट गोष्टीतही रमतो. यंत्र माणसासाठी असते, माणूस यंत्राच्या व्यंगासाठी नसतो. शेवटी, उद्या आरती शेजारी बसली आणि चाक खड्ड्यात गेले तर काय उत्तर देशील, असे मी विचारले. हा माझा शेवटचा आणि निर्णायक मुद्दा होता. किसनने हात वर केले. तो माझ्याशी वादात कधी जिंकला नाही, कारण तो कधी वाद घालीतच नसे. मी चेकनट सैल केला, स्क्रू पाव फेरा आत घेतला, चक्र मध्यावर हलवून पाहिले. ढिलाई बरीच गेली होती. नट कसला. माझे तळवे काळे झाले होते आणि मला फार आनंद झाला होता, तो मला अजून आठवतो, शरीराने आठवतो. किसनने ट्रॅक्टर अंगणात सरळ पुढे नेला, सरळ मागे आणला. उतरून तो म्हणाला, "सरळ तं मस्त चालते. वळवताना जराशी जड वाटून राह्यली." मी म्हणालो, नव्याने कसलेली कोणतीही वस्तू प्रथम जड वाटतेच, चार दिवसांत मोकळी होईल. हे मला कोणी सांगितले होते? कोणी नाही. पुस्तिकेत ते नव्हते. ते वाक्य मी तिथल्या तिथे रचले, आणि ते इतके ठाम उतरले, की मलाही ते पूर्वी कुठे वाचल्यासारखे वाटले. ओट्यावर चहाचे दोन कप ठेवलेले होते. ते कोणी आणून ठेवले ते मी पाहिले नव्हते. फक्त कप ठेवताना बांगड्या वाजल्या होत्या.

"हे पाहा," रऊफ म्हणाला. तो ट्रॅक्टरवर चढून बसला होता, चाके अजून हवेत होती. मध्यावरून त्याने चक्र डावीकडे फिरवले. ते सहज गेले, आणखी थोडे गेले, आणि मग एका जागी त्याचे दंड फुगले. पुढे त्याला उभे राहून जोर लावावा लागला. चाके अर्धवट वळून थांबली. त्याने उजवीकडे फिरवले, तिथेही तेच. खाली उतरून त्याने पेटीतले तेल काढायला डबा लावला, घड्याळ पाहिले, साबणाच्या चुऱ्याने कोपरापर्यंत हात धुतले. जुम्याची वेळ झाली होती. नमाज पढून येतो, मग पेटी खोलू, भाभीले चहा मागवा, असे सांगून तो टोपी घालत रस्ता ओलांडून गेला. शेडमध्ये मी आणि जमुना उरलो.

पाऊण तास. रस्त्यावरून सरकीच्या गाड्या जात होत्या आणि त्यांच्या धक्क्याने पत्रा थरथरत होता. डब्यात तेल थेंबाथेंबाने पडत होते. काळे, दाट, प्रत्येक थेंब आधी लांबत जाई आणि मग तुटे. माझ्या मनात वाक्ये तयार होत होती. मी ती एकेक तपासून टाकून देत होतो. "त्या रविवारी मी सद्हेतूने—" हे वाक्य सद्हेतूपासून सुरू होते, म्हणजे खोटे आहे. "कदाचित असे असेल की—" कदाचित कशाला? आणि सांगायचे कोणाला? तेवीस वर्षे जी माझ्याशी बोललेली नाही, तिच्याशी पहिले वाक्य हे बोलायचे? मला आरती हवी होती, कोणीही तिसरे माणूस हवे होते, ज्याला उद्देशून मी बोलावे आणि जमुनेने ऐकावे. ही प्रथा निरर्थक आहे असे सिद्ध करणारा मी त्या प्रथेच्या पदराआड लपून बसलो होतो, आणि पदर तर तिच्या डोक्यावर होता. मग मनाने आणखी एक खालची पायरी गाठली. पेटीत काहीच निघाले नाही तर? मी सुटलो. पण मग पुंजारामचे वाक्य खरे, अर्धा कप खरा, आणि किसनने वळवलेच नाही हेही खरे. तो स्वतः गेला किंवा मी त्याला मारला, या दोहोंच्या मध्ये कुठे उभे राहायला जागा नव्हती. आणि मी, माझ्या भावावर ज्याने सर्वांत जास्त प्रेम केले असे मी समजतो तो मी, त्या पाऊण तासात किमान दोन वेळा, पेटी निर्दोष निघो, असे मनात म्हणालो. हे मी नाकारू शकत नाही. चहा आला. मी एक कप घेतला आणि दुसरा बाकाच्या टोकाला ठेवून मागे सरलो. तिने तो पूर्ण प्यायला. शेवटच्या घोटापर्यंत, सावकाश, काही तरी पार पाडल्यासारखा.

रऊफ परत आला, टोपी खिळ्याला अडकवली आणि कामाला लागला. झाकण निघाले. आतला दात्यांचा तुकडा त्याने डिझेलमध्ये धुतला, कापडाने पुसला आणि उजेडात धरला. मधले दात झिजून गुळगुळीत झाले होते, नदीतल्या गोट्यासारखे. माणूस बहुतेक सरळच जातो, रऊफने समजावले, म्हणून मध्य झिजतो आणि बाजूचे दात नव्यासारखे राहतात. मधली ढिलाई काढायला स्क्रू कसला की मध्य बरोबर बसतो आणि बाजूला जागाच उरत नाही. वळवायला गेले की अटकते. जॅकवर एवढी अटकते, तर वजनावर, मागे भरलेली ट्रॉली असताना काय होईल? असे तो बोलत होता आणि बोलता बोलता थांबला. डावीकडच्या दातांवर त्याने अंगठा फिरवला. तिथे, नव्यासारख्या राहिलेल्या लोखंडावर, ओरखडे होते. खोल, चमकते. काही ठिकाणी धातूचा पापुद्रा निघून आला होता.

त्या वेळी जमुना बाकावरून उठून पुढे आली. ती रऊफशीच बोलली, पण आवाज मोठा होता.

"मिस्त्री, वळवली होती का त्यायनं?"

रऊफने दात्यांचा तुकडा तिच्यापुढे धरला. "वळवली होती, भाभी. पडून असे दात घासत नाईत. पुऱ्या जोरानं वळवली. आखरीपर्यंत ओढून राह्यला असंन तो."

जमुनेने तो तेलकट तुकडा दोन्ही हातांत घेतला. ओरखड्यांवरून बोट फिरवले. तिचे खांदे एकदा हलले, मग बराच वेळ हलत राहिले, पण रडण्याचा आवाज आला नाही. तीन महिन्यांपूर्वी अर्धा ठेवलेला कप तिने तिथे खाली ठेवला, हे मी पाहिले. त्याच वेळी मला हेही स्पष्ट दिसले, की माझे बोलणे आता आवश्यक राहिलेले नाही. किसन सुटला होता. जमुना सुटली होती. गावचा कोणी कारागीर, या तीन शब्दांवर मी उरलेले आयुष्य काढू शकलो असतो. गावात जाऊन सांगू शकलो असतो, की पाहा, माझा मुद्दा खरा निघाला, दोष यंत्राचाच होता. वादातला तो माझा सर्वांत मोठा विजय झाला असता. किसनचे हात मला दिसले. पाव फेरा डावीकडे, पाव फेरा उजवीकडे. त्या ढिलाईसकट तो वर्षानुवर्षे त्या मोरीवरून रोज वळला होता.

"कोन्या गाढवानं कसली ही," रऊफ स्वतःशी म्हणाला, "जॉइंट न पाहता."

"मी," मी म्हणालो. "त्या रविवारी. मीच कसली."

रऊफने पाना खाली ठेवला. कापडाने हात पुसू लागला, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिला. रस्त्यावरून एक गाडी गेली, पत्रा थरथरून थांबला. मी जमिनीवर सांडलेल्या तेलाकडे पाहत होतो, म्हणून मला आधी फक्त तिचे पाय वळलेले दिसले. मान वर केली, तेव्हा तिचा पदर खांद्यावर होता. तेवीस वर्षांत मी तिचा चेहरा समोरून पाहिला नव्हता. तो थकलेला होता आणि शांत होता. त्यात राग शोधूनही मला सापडला नाही. दात्यांचा तुकडा तिने छातीशी धरला होता, आणि ती रऊफकडे नाही, माझ्याकडे पाहून बोलली.

"पाह्यलं होतं म्या, ओट्यावरून. चुकलं तुमचं."